मानवतेचा सेवक : वाल्डेमार हाफकिन



थोरांची चरित्रे आपण वाचतो ती केवळ त्यांची स्तुती करण्यासाठी नव्हे. त्यांच्या आयुष्यातून आपल्या घराला, मोहल्ल्याला आणि गावाला उपयोगी पडेल असे काही हाती लागावे, हा त्यामागचा खरा हेतू असतो. मुंबईत परळला एका मोठ्या संस्थेवर ज्यांचे नाव आहे, पण ज्यांची हकीकत आपल्या मुलांना क्वचितच कोणी सांगते, अशा एका परदेशी शास्त्रज्ञाची ओळख आज करून घेऊ या. त्यांचे नाव वाल्डेमार हाफकिन.

आपल्या खानदेशातील जुन्या माणसांना प्लेग हा शब्द निराळा समजावून सांगावा लागत नसे. घरात उंदीर पडू लागले की माणसे भांडीकुंडी उचलून शेतात झोपड्या घालून राहात. काखेत किंवा जांघेत गाठ आली की घरच्यांचा धीर सुटे. जळगावच्या बहिणाबाई चौधरी यांच्या एका मुलाला प्लेगमुळेच कायमचे अपंगत्व आले. वाघूरकाठचे आपले पहूर असो की तापीकाठचे एखादे खेडे असो, या रोगाची दहशत सर्वत्र सारखीच होती. या रोगाविरुद्ध पहिली उपयोगी लस ज्यांनी तयार केली, ते हे हाफकिन.

त्यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी त्या वेळच्या रशियन साम्राज्यात एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. तेथे मेचनिकॉफ या नामवंत शास्त्रज्ञाचे मार्गदर्शन त्यांना लाभले. त्या देशात ज्यूंवर फार जुलूम होत असे. हाफकिन यांनी आपल्या लोकांच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांची साथ केली आणि त्यासाठी तुरुंगही पाहिला. धर्म बदलला असता तर विद्यापीठातील मोठ्या जागेचा मार्ग मोकळा झाला असता, पण त्यांनी ते नाकारले. अल्पसंख्य समाजात जन्मलेल्या हुशार मुलाच्या वाटेत किती धोंडे असतात हे त्यांनी तरुणपणीच अनुभवले, आणि तरीही शिक्षण सोडले नाही.

पुढे ते जिनिव्हाला आणि तेथून १८८९ साली पॅरिसला गेले. पाश्चर संस्थेत संशोधकाची जागा रिकामी नव्हती. साहाय्यक ग्रंथपालाची होती. त्यांनी ती घेतली. दिवसा पुस्तके सांभाळावीत आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसावे, असा क्रम चालू झाला. मित्रांनो, मनासारखी जागा मिळाली नाही म्हणून हातावर हात ठेवून बसणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. या ग्रंथपालाने पटकी, म्हणजे कॉलरा, या रोगावर लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली.

पटकीचे माहेर त्या काळी बंगाल मानले जाई. म्हणून १८९३ साली हाफकिन हिंदुस्थानात आले. कलकत्त्याच्या दाट वस्त्यांत जाताच त्यांना कळून चुकले की लस तयार करणे सोपे, पण ती माणसाच्या दंडापर्यंत पोचवणे अवघड. परका गोरा माणूस हातात सुई घेऊन आला म्हणजे गरिबाच्या मनात शंका येणारच. तेव्हा त्यांनी चौधरी, घोष, चटर्जी आणि दत्त या हिंदी डॉक्टरांना बरोबर घेतले. लोकांची भाषा बोलणारी, त्यांच्या ओळखीची माणसे सोबत आली, तेव्हा दारे उघडू लागली.

याच अनुभवाची खरी कसोटी मुंबईत लागली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. सरकारने हाफकिन यांना पाचारण केले आणि ७ ऑक्टोबरला ते मुंबईत दाखल झाले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली व व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढीच सामग्री मिळाली. तेवढ्यावर त्यांनी तीन महिन्यांत लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिला मोठा डोस स्वतःच घेतला. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात, जे कैदी स्वखुशीने पुढे आले त्यांना ती टोचण्यात आली.

या लसीच्या घडणीतली एक गोष्ट पालकांनी मुलांना अवश्य सांगावी. प्लेगचे जंतू वाढवण्यासाठी मांसाचा अर्क लागे. युरोपात त्यासाठी गाईबैलांचे मांस वापरीत. येथील हिंदूंना गोमांस चालणार नाही आणि मुसलमानांना डुकराचे मांस चालणार नाही, हे जाणून हाफकिन यांनी बोकडाचे मांस वापरले. अर्कावर ते साजूक तुपाचे थेंब सोडीत. त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढत. मग ते उष्णता देऊन मारीत व त्यांचीच लस बनवीत. ज्याला औषध द्यायचे त्याच्या भावनेचा विचार प्रयोगशाळेतच करणारा हा माणूस होता.

आता दुसरी बाजू पाहा. सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा केला. घरांच्या झडत्या, रोग्याला घरातून ओढून नेणे, बायामाणसांची परपुरुषांकडून तपासणी, कपडेलत्ते जाळणे, असे प्रकार सुरू झाले. त्यांतून अफवांना ऊत आला. कायद्यापूर्वीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. पुण्यात २२ जून १८९७ रोजी प्लेग कमिशनर रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मार्च १८९८ मध्ये मुंबईत विणकर जुलाहा वस्तीतील एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली. रोगाशी लढायचे सोडून सरकार आणि रयत एकमेकांशीच लढू लागली. यात सर्वांत जास्त भरडला गेला तो गरीबच. ज्यांना शक्य होते ते मुंबई सोडून गेले. चाळीतल्या अंधाऱ्या खोलीत राहणाऱ्याने कोठे जावे?

अशा वेळी खोजा इस्माइली जमातीचे तरुण इमाम, तिसरे आगाखान सुलतान मोहम्मद शाह, पुढे आले. त्यांचे वय तेव्हा अवघे १९-२० वर्षांचे होते. त्यांनी केवळ पत्रक काढून लोकांना उपदेश केला नाही. सर्वांसमक्ष स्वतःच्या दंडावर लस टोचून घेतली, आणि तीही एकाहून अधिक वेळा. आपली खुश्रू लॉज ही वास्तू त्यांनी हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी दिली. जमातीच्या हजारो स्त्रीपुरुषांनी त्यांच्यामागे लस घेतली. एक ज्यू शास्त्रज्ञ, एक मुसलमान इमाम, हिंदू, पारशी आणि गोमंतकीय डॉक्टर, आणि शिवाय सरकारी अधिकारी, अशी ही सांगड होती. मुंबईतील निरनिराळ्या जमातींनीही आपापली प्लेग रुग्णालये उभारली. आपल्या माणसांच्या देखरेखीखाली, आपल्या रीतिरिवाजाप्रमाणे शुश्रूषा होते असे दिसताच, रोग लपवून ठेवणारी कुटुंबे रोग्याला आपणहून आणू लागली.

खेड्याचे उदाहरण हवे असेल तर बडोद्याजवळच्या उंडेरा गावाचे घ्या. फेब्रुवारी १८९८ मध्ये तेथे प्लेग चालू असताना हाफकिन यांनी घरोघर जाऊन प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचली. घर तेच, अन्न तेच, पाणी तेच. पुढे ज्या २८ कुटुंबांत रोग शिरला तेथे मोजणी झाली. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले व त्यांतले २६ दगावले. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले व ३ दगावले. निम्म्यांना लस न देण्याची ही पद्धत आजच्या विचाराने खटकेल, आणि ती खटकलीच पाहिजे. पण दाव्याला आकड्यांचा आधार हवा, हा हाफकिन यांचा आग्रह मात्र घेण्यासारखा आहे.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्यांच्या प्रयोगशाळेला कायमची जागा मिळाली. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लसीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस बाहेर पाठवले गेले.

इतके झाल्यावर या माणसाचे आयुष्य सुखात गेले असेल असे तुम्हाला वाटेल. तसे झाले नाही. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. हे सर्वजण एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. चौकशीत असे दिसून आले होते की, बाटली उघडताना एका मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला. तरी दोष परळच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिन यांच्यावर ठेवण्यात आला. त्यांना पदावरून दूर करण्यात आले. ते वैद्यकीय पदवीधर नव्हते, इंग्रज नव्हते, ज्यू होते. त्यांची बाजू ऐकून घेण्याची घाई कोणालाच नव्हती.

पाच वर्षे हा डाग त्यांनी सोसला. अखेर हिवतापाचे संशोधक रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या वृत्तपत्रातून जाहीरपणे त्यांची बाजू मांडली आणि सरकारला त्यांना दोषमुक्त करावे लागले. ते पुन्हा हिंदुस्थानात आले. पण कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत त्यांना पूर्वीसारखे मोठे काम करू दिले गेले नाही. निवृत्तीनंतर ते युरोपात परतले. १९२५ साली परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे देहावसान झाले. आपली पुंजी त्यांनी आपल्या समाजातील मुलांच्या धार्मिक शिक्षणासाठी ठेवली. १९६४ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

वाचकहो, या चरित्रातून आपण काय घ्यावे? एकट्या शास्त्रज्ञाने रोग हटत नाही, एकट्या सरकारनेही हटत नाही, आणि एकट्या जमातीनेही हटत नाही. लस प्रयोगशाळेत बनते, पण ती विश्वासाच्या खांद्यावर बसून मोहल्ल्यात येते. तो विश्वास बाहेरून आणता येत नाही. तो शिक्षक, इमाम, डॉक्टर, सरपंच आणि घरातली आई, एवढ्यांनी मिळून तयार करायचा असतो. मलकोवालचा चिमटा हेही शिकवतो की या साखळीतला शेवटचा माणूस बेफिकीर राहिला तर पहिल्याचे सारे परिश्रम मातीत जातात.

ही केवळ जुनी गोष्ट नाही. आपल्या शेजारच्या मालेगावात २०१० सालापर्यंत पोलिओचे रुग्ण सापडत होते. उलेमा, डॉक्टर, शिक्षक आणि घरोघर फिरणाऱ्या बायका एकत्र आल्या, तेव्हा कोठे दारे उघडली. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. उलट २०२२ साली मुंबईच्या गोवंडीत आणि मालेगाव, भिवंडीत गोवराची साथ आली, ती लस चुकलेल्या गरीब मुलांमध्येच. रोग माणसाची जात किंवा धर्म पाहात नाही हे खरे, पण तो गरिबी, दाटी आणि अज्ञान मात्र बरोबर हेरतो. म्हणून जे मागे राहिले त्यांच्यापर्यंत आधी पोचणे हेच खरे समाजकार्य.

पालकांनो, आपल्या मुलाच्या लसीकरणाचे कार्ड आज काढून पाहा. शेजारच्या घरात ते नसेल तर आशाताईंना कळवा. विद्यार्थी मित्रांनो, वाघूरच्या दोन्ही काठांवरच्या आपल्या वस्त्यांत कोणते घर दवाखान्यापासून दूर राहिले आहे, याची यादी तुमच्याएवढी चांगली दुसरे कोण करणार? आणि मुलींनो, तुमच्यातून नर्स व डॉक्टर निघाल्या तर १८९८ साली एका आजारी मुलीवरून जी दंगल झाली, तसा प्रसंग कोणत्याही मोहल्ल्यावर येणार नाही. हाफकिन यांचे स्मारक परळला आहेच. त्यांचे आणखी एक स्मारक आपल्या पहूरला उभे राहू शकते. त्याला दगड-चुना लागणार नाही. गावात लस चुकलेले एकही मूल नसणे, एवढेच त्यासाठी पुरे आहे.