लिपिकार लुई ब्रेल

पॅरिसच्या पूर्वेस सुमारे ४० किलोमीटरांवर कूप्व्रे नावाचे एक खेडे आहे. तेथे सिमों-रने ब्रेल हा जीनगर राहत असे. खोगिरे, लगाम आणि घोड्यांचा इतर साज तयार करून तो आपल्या कुटुंबाचा निर्वाह चालवी. ४ जानेवारी १८०९ रोजी त्याला चौथे अपत्य झाले. तोच लुई.

१८१२ साली तीन वर्षांचा लुई बापाच्या कामाच्या खोलीत शिरला आणि कातडे भोसकण्याच्या अणकुचीदार हत्याराशी खेळू लागला. हत्यार निसटले आणि डोळ्यात रुतले. जंतूंमुळे जखम चिघळते, हे ज्ञान त्या काळी वैद्यकास नव्हते. जखम चिघळली, विकार दुसऱ्या डोळ्यासही जडला आणि पाचव्या वर्षापर्यंत मुलाची दृष्टी पार गेली.

गरिबाघरचे मूल आंधळे झाले, की त्याचे शिक्षण तेथेच संपे. मग घराच्या कोपऱ्यात बसणे, नाहीतर रस्त्यावर भीक मागणे, एवढेच त्याच्या वाट्यास येई. सिमों-रनेने तसे होऊ दिले नाही. वाट चाचपता यावी म्हणून त्याने मुलास काठ्या करून दिल्या. लाकडी फळीवर खिळे ठोकून त्याने अक्षरे घडविली आणि मुलाचे बोट त्यांवरून फिरवून ती ओळखावयास शिकविली, असेही सांगतात. १८१५ साली गावात झाक पालुई हे नवे पाद्री आले. नेपोलियनच्या पतनाचा तो धामधुमीचा काळ. गावात परक्या सैनिकांचे ठाणे पडलेले. अशा दिवसांतही पालुई या मुलाला शिकवू लागले आणि पुढे त्यांच्या शब्दावरून शाळामास्तर बेशरे यांनी त्याला आपल्या शाळेत बसवून घेतले. शेजारचा एक मुलगा रोज सकाळी येई आणि त्याचा हात धरून शाळेत नेई. त्या मुलाचे नाव फारसे कोणी घेत नाही. आम्हांस मात्र या चरित्रात त्याची जागा मोठी वाटते.

शाळेत लुई ऐके आणि ऐकलेले ध्यानात ठेवी. हुशार विद्यार्थ्यांत त्याची गणना होऊ लागली. परंतु श्रवणाने होणाऱ्या शिक्षणास एक मर्यादा असते. काल ऐकलेले आज पुन्हा उघडून पाहता येत नाही, आपल्या मनातले लिहून ठेवता येत नाही, आणि सांगणारा नसेल त्या दिवशी शिक्षणही नसते.

हे जाणूनच पालुई यांनी गावच्या जमीनदारामार्फत खटपट करून त्याला पॅरिसच्या अंधशाळेत जागा मिळवून दिली. १५ फेब्रुवारी १८१९ रोजी दहा वर्षांचा लुई बापाबरोबर तेथे दाखल झाला. व्हालांतँ आयुई यांनी १७८५ मध्ये स्थापिलेली ही शाळा तेव्हा एका जुन्या, दमट इमारतीत होती. तेथे नेहमीचीच अक्षरे कागदावर उठावाने छापलेली पुस्तके असत. ती अवजड आणि मोजकी. एकेक अक्षर चाचपीत ओळ संपवावी, तोवर आरंभ विसरावा. शिवाय तशी अक्षरे मुलांना हाताने लिहिता येत नसत, ती वेगळीच.

१८२१ च्या सुमारास शार्ल बार्बिए नावाच्या माजी तोफखाना अधिकाऱ्याची टिंबांची लेखनपद्धती शाळेत आली. टोच्याने कागद टोचून उमटवलेली टिंबे बोटास चटकन समजत, हे मुलांना कळले. परंतु बार्बिए यांची खूण उभी सहा टिंबांपर्यंत जाई. ती बोटाखाली मावत नसे. तिच्यात शुद्धलेखनही नव्हते, केवळ उच्चार होते. लुई रात्री आणि सुट्टीत घरी गेल्यावर टिंबे मांडीत आणि मोडीत बसे. १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याची लिपी सिद्ध झाली. उभ्या तीन टिंबांच्या दोन रांगा. एकूण सहा टिंबे, बोटाच्या एका स्पर्शात येणारी, आणि त्यांतून ६३ चिन्हे. पहिली १० अक्षरे वरच्या चार टिंबांत बसविली. त्यांनाच खालचे एक टिंब जोडले की पुढची १०. १८२९ साली ही पद्धती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तिच्यात संगीतलेखनाचीही सोय होती.

पुढे ब्रेल त्याच शाळेत शिक्षक झाले. ते उत्तम ऑर्गन वाजवीत. गरीब विद्यार्थ्यांना ते पैसे उसने देत आणि मागत नसत. वयाच्या पंचविशीनंतर क्षयाने त्यांना गाठले. तरी डोळसांनाही वाचता येतील अशी टिंबांची अक्षरे लिहिण्याची पद्धती त्यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध केली. अंध मुलाने आईबापांस स्वहस्ते पत्र लिहावे, ते याच पद्धतीने.

आणि तरीही खुद्द त्यांच्या शाळेने त्यांच्या लिपीकडे पाठ फिरविली. १८४० मध्ये आलेले संचालक द्युफो यांनी ती बाजूस सारून उठावाच्या अक्षरांचा नवा नमुना आणला. डोळस शिक्षकांस टिंबे वाचता येत नव्हती, हे त्याचे एक कारण असावे. मुलांनी मात्र ती सोडली नाहीत. ती चोरून लिहीत राहिली. अखेर द्युफो यांचे सहायक ग्वादे यांना तिची योग्यता पटली आणि १८४४ मध्ये नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी सर्वांसमक्ष तिचे प्रात्यक्षिक झाले.

६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असता, ब्रेल वारले. फ्रान्समध्ये त्यांच्या लिपीस अधिकृत मान्यता १८५४ साली मिळाली. १९५२ मध्ये त्यांच्या अस्थी पॅरिसच्या पांतेओंमध्ये नेण्यात आल्या. हातांच्या अस्थी तेवढ्या कूप्व्रेकरांनी आपल्या गावी ठेवून घेतल्या.

भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये ‘भारती ब्रेल’ ठरविण्यात आली. मराठीही तीच वापरते. तीत ‘अ’ला एकच टिंब आहे, त्याच्या खाली, एक जागा सोडून, दुसरे टिंब दिले की ‘क’ होतो. आणि ‘कि’ लिहिताना आपण वेलांटी डावीकडे काढतो, तसे तेथे नाही. बोलताना जसा उच्चार होतो तसाच आधी ‘क’ आणि मग ‘इ’.