पहिल्या नंबरचे वैमानिक : जे. आर. डी. टाटा



जून २०२५ मध्ये सोलापूरच्या होटगी रोडवरच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं. तेव्हापासून आमच्या वर्गात विमानाच्या गप्पा वाढल्या. निम्म्या मुलांना आता पायलट व्हायचंय. म्हणून या वेळच्या भित्तिपत्रकासाठी मी जे. आर. डी. टाटा यांचं चरित्र निवडलं. विमान चालवण्याचं लायसन आपल्या देशात पहिल्यांदा मिळालं ते त्यांना.

त्यांचं पूर्ण नाव जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा. जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस शहरात झाला. वडील पारशी, आई फ्रेंच. सुट्टीत हे कुटुंब फ्रान्समधल्या हार्डेलो नावाच्या समुद्रकाठच्या गावी राहायला जाई. तिथंच लुई ब्लेरिओ यांचंही घर होतं. १९०९ साली विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणारे पहिले गृहस्थ ते हेच. त्याच गावी वयाच्या पंधराव्या वर्षी जहांगीर पहिल्यांदा विमानात बसले. आपणही वैमानिक व्हायचं, हे त्यांनी तेव्हाच मनाशी पक्कं केलं.

पण शिकायला मिळालं ते नऊ वर्षांनी. मुंबईला जुहू इथं फ्लाइंग क्लब निघाला, तिथं त्यांनी नाव घातलं. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना लायसन मिळालं. त्यावर नंबर होता १.

त्या काळी शिकायची रीत एकच होती. शिकवणाऱ्याबरोबर खरोखरीच्या विमानात बसायचं आणि आकाशात जायचं. चूक झाली तर ती वरच व्हायची. आता तसं नाही. आता आधी सिम्युलेटर असतो. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवरचं नकली विमान. आत सगळी बटणं, काटे, दांडे खऱ्यासारखे. समोर पडद्यावर धावपट्टी दिसते आणि खोली विमानासारखी हलते. मास्तर मुद्दाम एक इंजिन बंद पाडतात, वादळ आणतात. शिकणारा घाबरतो, चुकतो, पुन्हा करतो. पण कोणी मरत नाही.

अशा यंत्रांत पहिलं नाव मिळवलं ते अमेरिकेच्या एडविन लिंक यांच्या यंत्रानं. योगायोग बघा, लिंक यांचा जन्म २६ जुलै १९०४ चा, म्हणजे टाटांपेक्षा ते फक्त तीन दिवसांनी मोठे! त्यांच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवायचा कारखाना होता. आपल्या भजनातल्या पेटीला हवेचा भाता असतो ना, तसेच ऑर्गनचे भाते वापरून लिंक यांनी एक लाकडी विमान डोलतं केलं. सुरुवातीला त्याला फारसं कोणी विचारलं नाही. १९३४ साली अमेरिकेत टपाल नेताना खराब हवेत सैन्याचे वैमानिक एकामागून एक दगावले, तेव्हा सैन्यानं ही यंत्रं विकत घेतली.

टाटांच्या वेळी असलं काही नव्हतं. तरी १९३० साली त्यांनी एक धाडस केलं. इंग्लंड ते हिंदुस्थान हा प्रवास एकट्यानं विमानानं करणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखान यांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. टाटा कराचीहून लंडनला निघाले. अस्पी इंजिनियर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा लंडनहून कराचीकडं येत होता. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली. अस्पीचं विमान स्पार्क प्लगवाचून अडलं होतं. मोटारसायकलला असतो तसलाच प्लग, पण तो नाही तर विमान जागचं हलत नाही. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. मग अस्पी पुढं गेला आणि बक्षीस त्यालाच मिळालं. हाच अस्पी १९६० साली भारताच्या हवाईदलाचा प्रमुख झाला.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी स्वतः कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणलं. एका इंजिनाचं लहानसं पुस मॉथ विमान आणि २५ किलो पत्रं. विमानात रेडिओ नव्हता. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. मुंबईहून तेच टपाल त्यांचे साथीदार नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बल्लारीमार्गे मद्रासला नेलं. बल्लारी म्हणजे आपल्या विजापूरच्याही पुढं, दक्षिणेला. पावसाळ्यात जुहूच्या मैदानात पाणी साचे, मग सगळा कारभार पुण्याला येरवड्यात हलवायचा. याच टपालसेवेची १९४६ साली एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ रोजी तिचं विमान मुंबईहून लंडनला निघालं.

आता कोणी म्हणेल, टाटा पैसेवाले होते, त्यांना जमलं. हे खोटं नाही. विमान शिकायला आजही लाखांनी पैसे लागतात. मलाही घरी हेच ऐकायला मिळतं. पण पैशानं विमान मिळतं, ते चालवायची सवय मिळत नाही. व्यावसायिक लायसनला २०० तास उडावं लागतं, आणि ते तास श्रीमंतालाही स्वतःच भरावे लागतात. सिम्युलेटरमधलं इंजिन बंद पडतं तेव्हा आत कोणाचा मुलगा किंवा मुलगी बसली आहे हे ते विचारत नाही. विमान शिकवणाऱ्या शाळा आपल्याच राज्यात बारामती आणि गोंदियालाही आहेत. म्हणून मला वाटतं, पालकांनी नाही म्हणायच्या आधी निदान चौकशी तरी करावी.

१९५३ साली सरकारनं एअर इंडिया ताब्यात घेतली. ते टाटांच्या मनाविरुद्ध झालं. तरी रुसून घरी न बसता १९७८ पर्यंत ते तिचे अध्यक्ष राहिले. विमानातले पडदे आणि संडाससुद्धा ते स्वतः तपासत. १९८२ साली पहिल्या टपालाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा ७८ वर्षांच्या टाटांनी जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून पुन्हा कराची ते मुंबई उड्डाण केलं. १९९२ साली त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा इथं ते वारले. २०२२ साली एअर इंडिया पुन्हा टाटांकडं आली, पण ते बघायला ते नव्हते.

मला त्यांचं पहिल्या नंबरचं लायसन आवडतं, पण इजिप्तमध्ये दिलेले प्लग जास्त आवडतात. अशा या थोर वैमानिकाला माझा नमस्कार.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी