मादाम क्यूरी : अदृश्य किरणांतील सेवा

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा येथील जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षास आग लागली. सात अर्भकांना बाहेर काढण्यात यश आले, दहा दगावली. आग दिसते, धूर झोंबतो. धावून जाणारास संकटाची निदान जाणीव असते. परंतु जे संकट दिसतच नाही, त्यात शिरणाऱ्या सेवकाने काय करावे? हा विचार मनात येताच आम्हांस मादाम मेरी क्यूरी यांच्या चरित्राचे स्मरण होते.

मेरीबाईंचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी पोलंडमधील वॉर्सा येथे झाला. मायदेशी स्त्रियांस विद्यापीठाची दारे बंद असल्याने १८९१ साली त्या पॅरिसला गेल्या. तेथे पती पिएर यांच्यासह त्यांनी १८९८ मध्ये पोलोनियम व रेडियम ही मूलद्रव्ये शोधून काढिली. १९०३ व १९११ साली त्यांस नोबेल पारितोषिके मिळाली.

१९१४ साली महायुद्ध पेटले. जखमी सैनिकाच्या अंगात गोळी कोठे रुतली आहे, हे शस्त्रवैद्यांस कळेना. तेव्हा मेरीबाईंनी मोटारींत क्ष-किरणयंत्रे बसवून ती रणांगणानजीकच्या रुग्णालयांपर्यंत नेली. त्या स्वतः मोटार हाकण्यास शिकल्या. कन्या आयरीन हिला त्यांनी सोबत घेतले व सुमारे १५० स्त्रियांना हे काम शिकविले. असंख्य सैनिकांचे प्राण त्यामुळे वाचले.

तथापि त्या काळी बचावाची साधने अपुरी होती. हे किरण अंगात शिरताना दुखत नाहीत. अपाय पुष्कळदा वर्षांनी प्रकट होतो. ४ जुलै १९३४ रोजी, अस्थिमज्जेत नवे रक्त तयार न होण्याच्या विकाराने मेरीबाईंचे देहावसान झाले. युद्धकाळातील क्ष-किरणही त्यास कारण झाले असावेत, असे तज्ज्ञ मानितात. आयरीनही १९५६ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या.

पुढे २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलच्या अणुवीजकेंद्रात स्फोट होऊन आग भडकली. ती विझविण्यास धावलेले जवान व केंद्रातील कर्मचारी मिळून २८ जण किरणबाधेने काही महिन्यांतच मृत्यू पावले.

आज अशा सेवकांजवळ किरणमापक असतो. त्यांचे नियम तीन : थोडाच वेळ थांबावे, दूर राहावे, मध्ये शिशासारखी आड घ्यावी. किरणांच्या लहानशा उगमापासून अंतर दुप्पट केले, तर मात्रा चौथाईवर येते. रुग्णालयात क्ष-किरणचित्र घेणारा मनुष्य आडोशामागे उभा राहतो, तो भित्रा म्हणून नव्हे. उद्याच्या रोग्याचीही सेवा त्यास करावयाची असते.

विद्यार्थिमित्रांनो, मेरीबाईंचे धैर्य आपण अवश्य घ्यावे. मात्र त्यांस न लाभलेली सावधगिरी त्यास जोडावी, एवढेच आमचे सांगणे आहे.