थ्युसिडिडीस : सत्तेचा खेळ जवळून पाहिलेला इतिहासकार

‘ज्याची ताकद, त्याचंच चालतं’ असं मुलं म्हणतात ना? मग त्यांना थ्युसिडिडीस सांगा. हा अथेन्सचा सेनापती. इ.स.पू. ४२४ मध्ये ॲम्फिपोलिस शहर त्याला वाचवता आलं नाही, म्हणून २० वर्षं हद्दपार झाला. त्यामुळे युद्धाच्या दोन्ही बाजू त्याला पाहता आल्या. अथेन्सची वाढती ताकद आणि स्पार्टाची भीती हेच युद्धाचं खरं कारण, असं त्याने लिहिलं. अथेन्सने छोट्या मेलोस बेटावरचे पुरुष मारले, बायकामुलं गुलाम केली, तेही त्याने लपवलं नाही. पुढे इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्सच स्पार्टाला शरण गेलं. मेलोस शिकवाल तेव्हा हा शेवटही जरूर शिकवा.