सत्यप्रिय नूर

इ. स. १९४३ च्या जून महिन्यातील चांदणी रात्र होती. दुसरे महायुद्ध पेटले होते आणि फ्रान्स देश जर्मनांच्या ताब्यात गेला होता. त्या रात्री इंग्लंडहून आलेले एक लहानसे विमान आँजे शहराजवळच्या शेतात हलकेच उतरले. त्यातून एक नाजूक बांध्याची तरुणी बाहेर आली. विमान परत गेले. ती मात्र शत्रूच्या मुलखातच राहिली. तिचे नाव नूर इनायत खान. बिनतारी यंत्रावरून गुप्त संदेश पाठविण्याची कामगिरी तिच्यावर सोपविलेली होती.

नूरचे वडील हजरत इनायत खान हे मूळचे बडोद्याचे. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने तेथे संगीतशाळा सुरू करणारे मौलाबक्ष हे त्यांच्या आईचे वडील. मौलाबक्षांच्या पत्नी टिपू सुलतानाच्या वंशातील होत्या, असे या घराण्यात सांगत. इनायत खान हे स्वतः थोर गायक व वीणावादक होते. संगीत आणि सूफी तत्त्वज्ञान यांचा प्रसार करीत ते देशोदेशी हिंडले. त्यांच्या पत्नी अमेरिकन होत्या. १ जानेवारी १९१४ रोजी मॉस्को येथे नूरचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब पॅरिसजवळील सुरेन या गावी राहू लागले.

१९२७ साली इनायत खान हिंदुस्थानात आले असता दिल्ली येथे त्यांचे निधन झाले. नूर तेव्हा अवघी तेरा वर्षांची होती. आई दुःखाने खचून गेली. धाकट्या तीन भावंडांचा सांभाळ नूरच करू लागली. घरकाम सांभाळून तिने संगीताचे व बालमानसशास्त्राचे शिक्षण घेतले. लहान मुलांसाठी ती सुंदर गोष्टी लिही. भगवान बुद्धांच्या पूर्वजन्मीच्या वीस जातककथा तिने इंग्रजीत सांगितल्या. ते पुस्तक १९३९ साली प्रसिद्ध झाले. आपल्या कळपाला नदीपार नेण्यासाठी स्वतःच्या देहाचा पूल करणाऱ्या वानरराजाची कथा त्यात आहे. असाच प्रसंग आपल्यावरही येणार आहे, हे तिला तेव्हा कोठून ठाऊक असणार!

त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले. १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसवर चालून आल्या, तेव्हा हे कुटुंब इंग्लंडला गेले. अहिंसेचे संस्कार झालेल्या नूरला हिंसा मुळीच आवडत नसे. तथापि, अन्याय उघड्या डोळ्यांनी पाहत स्वस्थ बसणेही तिला जमेना. तिने हवाई दलाच्या स्त्री-शाखेत नाव नोंदविले व बिनतारी संदेशवहनाचे शिक्षण घेतले. बढतीसाठी मुलाखत झाली, तेव्हा तिने ब्रिटिश अधिकाऱ्यांना स्पष्टच सांगितले, की युद्ध संपल्यावर हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी झटणे आपणास कर्तव्य वाटेल. मनात एक व ओठांवर दुसरे, असे तिला कधी साधलेच नाही.

१९४३ साली तिची गुप्त कार्यासाठी निवड झाली. तिचे फ्रेंच उत्तम होते आणि बिनतारी यंत्रावर तिचा हात चांगला बसला होता. परंतु शिक्षण देणारे काही अधिकारी साशंक होते. गुप्तहेराला सोंग वठवावे लागते. ही सरळ मुलगी ते कसे वठविणार? असे असले तरी तिला फ्रान्सला पाठविण्यात आले. त्या देशात या संघटनेने पाठविलेली ती पहिली स्त्री संदेशवाहक होय. मादलेन हे तिचे टोपणनाव ठरले.

ती पोहोचून पुरते दोन आठवडेही झाले नव्हते, तोच तिच्या गटाचे प्रमुख पकडले गेले. पाठोपाठ धरपकड सुरू झाली. लंडनहून तिला परत येण्याविषयी सुचविण्यात आले. पण आपण गेलो, तर पॅरिसहून संदेश पाठविणारे कोणी उरणार नाही, हे तिने जाणले व ती मागे राहिली. यंत्राची जड पेटी घेऊन ती रोज नव्या ठिकाणी जाई. लांब तार बांधून संदेश पाठवी आणि शत्रूच्या शोधगाड्या येण्यापूर्वीच तेथून निघून जाई. असे तिने सुमारे साडेतीन महिने काढले.

अखेर ऑक्टोबरमध्ये फितुरीमुळे ती पकडली गेली. पाठविलेल्या संदेशांच्या नकला तिने एका वहीत जपून ठेवल्या होत्या. ही तिची मोठी चूक होती. त्या वहीच्या साहाय्याने जर्मनांनी तिच्या नावाने खोटे संदेश पाठवून लंडनला फसविले आणि त्यामुळे तिचे काही सहकारी शत्रूच्या हाती सापडले. परंतु स्वतः नूरने चौकशीत कोणाचेही नाव सांगितले नाही. दोनदा तिने निसटण्याचा प्रयत्न केला. दुसऱ्या खेपेस ती दोन कैद्यांसह छपरावर पोहोचली. पण नेमका त्याच वेळी हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला, कोठड्या तपासल्या गेल्या आणि तिघेही पकडले गेले.

पुन्हा पळणार नाही, असे वचन लिहून देण्यास जर्मन अधिकाऱ्याने तिला सांगितले. खोटी सही करून तिला तेथेच राहता आले असते. पण संधी मिळताच पुन्हा निसटायचे, असा तिचा निश्चय होता. मग जे पाळायचे नाही, ते वचन तरी कसे द्यायचे? तिने सही केली नाही. तिला जर्मनीतील फोर्झहाइमच्या तुरुंगात धाडण्यात आले. तेथे हातापायांत साखळदंड अडकवून तिला कित्येक महिने एकान्तवासात ठेवले. तरीही तिने तोंड उघडले नाही. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाउच्या छळछावणीत आणखी तीन स्त्रियांसह तिला गोळी घालण्यात आली. तिचे वय अवघे तीस वर्षांचे होते.

१९४९ साली ब्रिटनने तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हे उच्च शौर्यपदक दिले. फ्रान्सनेही तिचा गौरव केला. २०१२ साली लंडनच्या गॉर्डन स्क्वेअर उद्यानात तिचा अर्धपुतळा उभारण्यात आला. जो सरळपणा अधिकाऱ्यांना तिचा दोष वाटला होता, त्यानेच तिला अखेरपर्यंत बळ दिले.