आर. नरसिंहन : संगणकाला चित्र वाचायला शिकवणारे शास्त्रज्ञ

मोबाइलचा कॅमेरा माणूस आणि त्याच्यामागचे दृश्य क्षणात वेगळे करतो. चित्राचे असे भाग पाडण्याला ‘इमेज सेगमेंटेशन’ म्हणतात. संगणक बाल्यावस्थेत असतानाच या प्रश्नाला भिडलेल्यांपैकी एक होते मुंबईतील आर. नरसिंहन.

१९२६ मध्ये मद्रासला जन्मलेले नरसिंहन अमेरिकेतून गणितात पीएच.डी. करून १९५४ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. त्यांच्या गटात संगणक बांधण्याचा अनुभव कोणालाच नव्हता. तरीही सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूबचा ‘टिफ्रॅक’ त्यांनी १९६० मध्ये सुरू केला.

नंतर ते इलिनॉय विद्यापीठात गेले. तेथे बबल चेंबरमधील कणांच्या मार्गांची छायाचित्रे ढिगाने साचत. ती तपासायला माणसांचे डोळे अपुरे पडत. त्यासाठी आखलेल्या ‘इलियाक ३’मध्ये १,०२४ घटक होते. प्रत्येक घटक शेजाऱ्यांशी जोडलेला आणि सगळे एकाच वेळी काम करणारे. चित्राला नुसते नाव देणे नरसिंहन यांना पुरेसे वाटत नव्हते. रेषा, त्यांचे छेद आणि परस्परसंबंध यांचे वर्णन व्हावे, वाक्याला असते तसे चित्रालाही व्याकरण असावे, अशी त्यांची मांडणी होती.

१९६८ मध्ये ते यंत्र आगीत जळाले; कल्पना मात्र टिकली. आजची अनेक न्यूरल नेटवर्कही प्रत्येक बिंदूचा छोटा शेजार समांतरपणे तपासतात, म्हणूनच ती वेगवान होतात.

नरसिंहन कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्ष झाले. त्यांनी टाटा संस्थेत रुजवलेल्या सॉफ्टवेअर केंद्रातूनच पुढे जुहूची ‘एनसीएसटी’ उभी राहिली. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले.