रंगवेड्या डॉक्टरची जाडजूड पेशी

पॉल एर्लिख यांचे नाव निघते ते सिफिलिसवरच्या ६०६ क्रमांकाच्या औषधासाठी. मी लहान मुलांच्या त्वचारोगांचा डॉक्टर. मला आठवतो तो त्यांच्या आधीचा, रंगांनी बोटे माखलेला विद्यार्थी.

१४ मार्च १८५४ रोजी सायलेशियातील स्ट्रेलन गावी एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पाठांतराचा कंटाळा, परीक्षेचा तिटकारा. पण डांबरापासून निघणारे नवे ॲनिलीन रंग हाती आले की भान हरपे. आजोळकडचे नातलग कार्ल वायगर्ट यांनीच हे वेड लावले. कापड रंगवायचे रंग एर्लिख शरीराच्या पेशींना देऊन पाहत. १८७८ साली लाइपझिगला सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी एक वेगळी पेशी नोंदवली. तिच्यातले दाट कण रंग घेताना त्याची छटाच बदलून टाकत. भरपूर पोसलेली पेशी समजून त्यांनी तिला ‘मास्ट’ म्हटले. जर्मनमध्ये मास्ट म्हणजे जनावर खाऊ घालून पुष्ट करणे!

त्याआधी १८६९ साली लंडनच्या नेटलशिप यांनी एका मुलीच्या अंगावरचे विचित्र तपकिरी डाग वर्णिले होते. हॅम्बुर्गच्या उना यांनी १८८७ साली अशा डागांची त्वचा तपासली, तर आत एर्लिख यांच्याच पेशींची दाटी! हाच ‘अर्टिकेरिया पिगमेंटोझा’.

असे बाळ घेऊन येणाऱ्या आईच्या मनात कुष्ठरोगाची भीती असते. सासरी काय सांगायचे, हीसुद्धा. मी डाग हलकेच चोळतो. काही मिनिटांत तिथे गांध उठते, लाल होते, खाजते. फ्रान्सच्या डारिए यांच्या नावाने ही खूण ओळखली जाते. शंका उरलीच तर त्वचेचा छोटा तुकडा काढून रंगवतो, म्हणजे एर्लिख यांचेच काम पुन्हा करतो. हा रोग संसर्गजन्य नाही आणि बहुतेक मुलांत वयात येईपर्यंत ओसरतो.

उपचार साधे आहेत. खाज सुटल्यास अँटिहिस्टामिन द्यायचे. आपल्याकडची रगडून तेलमालीश आणि कढत पाण्याची अंघोळ मात्र बंद. आजीबाईंची समजूत घालणे हेच अवघड काम! घर्षण आणि उष्णतेने या पेशी बिथरतात. कोडीनसारख्या औषधांनीही. म्हणून शस्त्रक्रियेआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा आजार सांगायलाच हवा. चक्कर, उलट्या, धाप अशी लक्षणे दिसली तर थांबू नये, तडक रुग्णालय गाठावे.

एर्लिख पुढे क्षयाने आजारी पडले, इजिप्तला राहून बरे झाले. १९०८ साली मेचनिकॉफ यांच्यासह नोबेल मिळाले, आणि पुढच्याच वर्षी जपानी सहकारी हाता यांनी ६०६ चा गुण हेरला. २० ऑगस्ट १९१५ रोजी ते वारले. त्या पेशींत अन्न नव्हे, हिस्टामिन साठलेले असते, हे रायली आणि वेस्ट यांनी १९५३ साली दाखवले. नाव मात्र अजून एर्लिख यांनी दिलेलेच चालते.